कडता

चौतीस वर्षं मार्केट यार्डात मापाडी होतो.
हळदीची पोती काट्यावर चढवायची, उतरवायची,
आकडा मोठ्यानं ओरडायचा,
आणि मग व्यापारी म्हणेल तेवढा कडता सोडायचा,
पोत्याचा एक, ओलीचा एक, मातीचा अर्धा.
संध्याकाळी सांगलवाडीला घरी यायचो
तेव्हा सदरा इतका पिवळा
की गल्लीतली पोरं विचारायची,
काका, आज परत लगीन?

ही तो सदरा वेगळा भिजवायची.
ते पिवळं पाणी मोरीत जायचं नाही,
कढीपत्त्याच्या बुडाशी जायचं, मुंग्यांवर.
यार्डातनं मी एवढीच हळद आणली आयुष्यात.
अंगावरनं.

घरात काट्याला काम नव्हतं.
हिचं माप म्हणजे मूठ, चिमूट आणि “दिसतंय की डोळ्यानं.”
दोडक्याच्या शिरा तव्यावर, तीळ घालून.
कलिंगडाची पांढरी पाठ किसून थालीपिठात.
तांदळाचं धुवण वांग्याला.
चहाचा चोथा, तोही दुसऱ्यांदा उकळल्यावर, गुलाबाला.
(गुलाब एकच. कुणाच्या तरी कुंपणाची काडी मोडून आणलेला.
तेवढी एक चोरी तिच्या नावावर.)
शिळी भाकरी ताकात कुस्करून वर लसणीची फोडणी पडली
की मी विचारायचो, आज सण कुठला?
आणि ती सरळ सांगायची, “आज उरलंय.”

खोटं कशाला बोलू, रागही यायचा.
दुधाची पिशवी उलटी करून आत पाणी विसळताना दिसली
की वाटायचं, मी काय इतकं कमी आणतो?
एकदा बोललो तसं.
ती पिशवीकडंच बघत म्हणाली,
“कमी-जास्तीचं न्हाई ओ. दूध हाय अजून ह्यात.”

महापुराच्या साली पाणी माळ्याला टेकलं.
होडीत बसलो तेव्हा माझ्याजवळ रेशनकार्ड
आणि हिच्या कमरेला खोकल्याच्या औषधाची बाटली.
बाटलीत बी. दोडका, घेवडा, काठची वांगी.
नवव्या दिवशी परत आलो.
भिंतीवर रेघ, कपाटात मेलेला मासा,
अंगणात गुडघाभर गाळ.
सगळी गल्ली गाळ उपसून रस्त्यावर टाकत होती,
ही पाटी भरभरून आत आणत होती.
“कोयनेपासनं आलाय,” म्हणाली, “बिनभाड्याचा.”
मदतीत आलेले तेलाचे डबे, फुटकी बादली,
माझा उरलेला एक बूट,
सगळ्यात तिनं पूर भरून ठेवला.
बुटात कोथिंबीर चांगली आली.

मुलगा पुण्याहून आला. त्याची नोकरीच हिशेबाची.
पाणी धरलं, बाजारभाव धरला, आईचे तास धरले नाहीत,
आणि म्हणाला, आई, वर्षाचे सगळे मिळून
अकराशे चाळीस रुपये वाचतात तुझे.
त्याला वाटलं, आता तरी थांबेल.
हिचा चेहरा असा उजळला!
“अकराशे? ऐकलं का ओ, अकराशे!”
आणि तशीच परडी घेऊन उठली,
शिकलगारांच्या हसीनाला वांगी द्यायची होती.

मी सहज परडी उचलून बघितली. हाताची खोड.
दोन किलो, वर शंभर.
आमच्यासाठी ओट्यावर तीन उरली होती,
त्यातलं एक किडकं.
मी काही म्हणायच्या आत
तिनं तिघांतलं एक उचलून परडीवर ठेवलं.
घसरलं. पुन्हा ठेवलं, देठ खाली करून.
उभ्या जन्मात यार्डात अशी शीग मी बघितली नव्हती.

दिवेलागणीला परडी परत आली.
तिच्यात आमच्याच विळीचं पातं,
फडक्यात गुंडाळलेलं, धार लावून.
त्या धारेनं ही किडकं वांगं चिरायला बसली.
कीड तेवढी कोरून काढली, नखाएवढी.
बाकी सगळं पातेल्यात.
मग ती नखाएवढी फोड हातात घेऊन उठली
आणि अंधारात दारात उभं राहून
शेजारची कोंबडी झोपली का ते बघत राहिली.